पांढरी, पिवळी आणि भाजकी

आमच्या अमरावतीच्या घरात लसणाचं नाव कोणी घेत नसे. भाजीवालीच्या टोपलीत तो दिसला की आई तिला पायरीखालीच थांबवायची आणि मेथीची जुडी लांबूनच पदरात झेलायची. माझे वडील याज्ञिक होते. आम्ही मुलंच नव्हे, त्यांची भावंडंही त्यांना दादाच म्हणत. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या ताम्हनात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाने आणि मागच्या खोलीतल्या जात्याच्या घरघरीने. जातं ओढायची ती ताईआत्या. ती दादांच्या पाठची बहीण. तिचं चांदूर रेल्वेला लग्न झालं होतं, पण वर्ष भरायच्या आत नवरा तापाने गेला आणि ती परत आमच्याकडे आली. तेव्हापासून डोक्यावर वस्तरा, लाल आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर आणि एक वेळचं जेवण. गोळ्यांची कढी करावी तर तिनेच. हिंग-मेथीची फोडणी पडली की शेजारच्या बायका भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज ताईंचा हात दिसून राहिला वाटतं?" तेवढीच तिची दखल. एरवी ती घरात असायची, पण जेवायला किती माणसं आहेत असं कोणी विचारलं, तर आई तिला सोडून मोजायची. यात काही वावगं आहे असं मला वाटत नसे. मुलांना घर जसं दिसतं तसंच ते असतं.

दादांचे धाकटे भाऊ बापूकाका अकोल्याला असत. नागपूरला रसायनशास्त्र शिकून आले होते आणि जानवं खुंटीला टांगून ठेवतात, अशी त्यांची ख्याती होती. काकू पहिल्या बाळंतपणातच गेली होती. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर पलटणीसाठी वाळवलेल्या भाज्या पाठवायचं काम निघालं, त्यात बापूकाकांनी लसूण घेतला. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाची शेड भाड्याने घेऊन तिथे भट्टी आणि चक्की बसवली. त्यांच्या जेवणाचे हाल होतात म्हणून ताईआत्याने अकोल्याला जावं असं ठरलं, आणि घरात माणसं फार म्हणून मलाही तिच्याबरोबर धाडलं. लसणाचा कारखाना आहे हे दादांना सांगितलंच नव्हतं. "भाज्या वाळवतो" एवढंच सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

जठारपेठेतलं काकांचं घर दोन खोल्यांचं होतं, मागे कडुनिंब. काका संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास यायचा. आत्या त्यांना मागच्या दाराने घ्यायची, न्हाणीत पाठवायची, कपडे काठीने उचलून बादलीत टाकायची आणि मग ताट वाढायची. काका हसायचे. पण एक दिवस ते हसले नाहीत. हातात बुचाच्या तीन बाटल्या घेऊन ओसरीत बसून राहिले. म्हणाले, "ताई, माझं नाक मेलं गं. दिवसभर त्याच वासात बसून मला आता काही कळेनासं झालं. तू जरा वास घेऊन सांग."

"मी?" आत्या दाराच्या आतच थबकली. "मला शोभतं का ते?"

"खायला कुठे सांगून राहिलो? नुसता वास घे. वासाने काय बिघडतं?"

काकांनी एका बाटलीतली लसणाची चिमूटभर भुकटी वाटीत घेतली, तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि वाटी उंबऱ्यावर ठेवली. आत्या कितीतरी वेळ त्या वाटीकडे बघत होती. मग खाली बसली, वाकली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, झोंबलं. काकांनाही तसंच वाटलं. ते खूश होऊन म्हणाले, "बघ, ही जिवंत आहे." दुसऱ्या वाटीचा वास घेऊन ती म्हणाली, "ही जरा कमी." तिसरीपाशी मान हलवली. "ही जळली आहे, बापू. पापड भाजल्यासारखी येते." त्यानंतर तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या दिवशी जेवली नाही. मला काही उमगलं नाही. वास घेणं म्हणजे खाणं नसेल तर अंघोळ कशाला? आणि खाणंच असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट्या घेऊन का बसली?

कारण ती बसायला लागली. बाटल्या रोज घरी यायच्या आणि काका तिला शिकवायचे. त्यांनी शिकवलेलं माझ्याही डोक्यात राहिलं, आणि आज नातू पिझ्झ्यावर शिंपडायची लसूण पावडर आणतो तेव्हा मी चिमूटभर तळहातावर घेऊन पाणी घातल्याशिवाय राहत नाही. मुलगा म्हणतो, आई, उघडलेल्या पाकिटाला कसली परीक्षा? पण खरी गंमत तिथेच आहे. चांगली भुकटी कोरडी असताना फारसा वास देत नाही. मंद आचेवर वाळवली असेल तर तिच्यातला तिखटपणा झोपून असतो, पाणी लागलं की उठतो आणि नाकात शिरतो. आच जास्त झाली की उलटं होतं. कोरडेपणी खमंग, गोडसर, कोणालाही भुलवील असा वास, आणि पाणी घातलं की काही नाही. पहिल्या प्रतीची भुकटी सायीच्या रंगाची आणि रेशमी कापडातून खाली येईल इतकी बारीक. मुठीत दाबून सोडली की तिने मोकळं व्हायला हवं, गोळा झाला तर दमट राहिली. ती पलटणीच्या डब्यातल्या मटणाला आणि लोणच्यांना जायची. त्याच मालाचे चाळणीवर राहिलेले जाड कण पलटणीच्या लंगरातल्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या, वरणाच्या मोठ्या देगांसाठी, कारण शिजताना ते हळूहळू सुटतात. दुसरी प्रत पिवळसर, मधूनच सालीचा तुकडा असलेली. ती गावातले मसालेवाले आणि शेव-चिवडेवाले न्यायचे. तिसरी तपकिरी, ती गुराढोरांच्या आणि पलटणीच्या खेचरांच्या खुराकात मिसळत. शेडमधल्या बायका नंबर म्हणत नसत. त्यांची नावं होती पांढरी, पिवळी आणि भाजकी. पोत्यांच्या तोंडाला त्याच रंगांच्या चिंध्या बांधायच्या.

घरी बाटल्या आणून भागेना, तेव्हा आत्या शेडमध्ये जायला लागली. काकांनी एका कोपऱ्यात, भट्टीपासून लांब, तिच्यासाठी पाट आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. सकाळची शाळा सुटली की मीही तिथेच जायची. बायका गोल करून लसूण सोलत बसलेल्या, सालींचा कचरा वाऱ्यावर उडून त्यांच्या केसांत अडकलेला, मागे चक्कीचा धडधडाट. त्यांची म्होरकी गिरजाबाई. तिच्या घरी थोडी काळी जमीन होती, पण हंगाम सरला की ती गावाहून इकडे यायची. पहिल्या दिवशी तिने आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "काहून वं बाई, तुमाले चालते का हे? तुमच्यात तर शिवत बी नाईत म्हंते."

"चालत नाही," आत्या म्हणाली.

"मंग?"

"मग काय. बसले आहे."

गिरजाबाईला हे उत्तर फार आवडलं. दिवसभर ती दुसऱ्या बायकांना सांगत होती, "इचारलं तं म्हंते, बसले आहे!"

आत्याचं नाक काही अचूक नव्हतं. एकदा सर्दी झालेली असताना तिने चांगली पांढरी भुकटी भाजकीत लोटली आणि काकांना पुन्हा सगळं तपासावं लागलं. त्यानंतर नाक चोंदलं की ती स्वतःच पाटावरून उठायची आणि म्हणायची, "आज मी आंधळी आहे." पण एरवी तिचा शब्द काका मानायचे. आणि अमरावतीत कधी न दिसलेली एक गोष्ट मी तिथे पाहिली. ताईआत्या मोठ्याने बोलायची. "भट्टीवाल्याला सांगा, दार उघडा ठेव म्हणावं," असं शेडच्या या टोकावरून त्या टोकाला. मला तिची लाज वाटायची आणि ती मला आवडायचीही. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते कळत नसे.

एका दुपारी गिरजाबाईने फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, घट्ट बेसन आणि लसणाचा लालभडक ठेचा. मी बघत होते. "घे वं पोट्टे, एक घास घे," ती म्हणाली आणि मग चपापून आत्याकडे वळली, "बाई, पोरीले देऊ का?" मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "खा. पण कसं लागतं ते मला सांग."

मी खाल्लं. जीभ पेटली, कान गरम झाले. "तिखट," मी म्हटलं.

"ते मिरचीचं. लसणाचं सांग."

"आधी काही नाही. मग नाकात जातो. मग..." मला शब्द सापडेना.

"मग मागून जरा गोड लागतो ना? जिभेच्या कडेला?"

"हो!" मी म्हटलं, आणि लगेच गप्प झाले. गिरजाबाईचा हात भाकरीवरच थांबला होता. आत्या खाली बघून भुकटी चाळायला लागली. चाळता चाळता, जणू चाळणीलाच सांगते आहे अशी, म्हणाली, "चांदूरला आमच्या यांना लसणाची चटणी लागायची. स्टेशनात नोकरी होती. येताना कागदाच्या पुडीत घालून आणायचे, सासूबाई कीर्तनाला गेल्या की आम्ही दोघं खायचो. नंतर बडीशेप." ती हसली. पुढे म्हणाली, "चार महिने असतील. तेवढंच." तेव्हा मला ती पहिल्या दिवसाची वाटी आठवली. ते पाणी झोंबल्याचं होतं की दुसऱ्या कशाचं, हे मी तिला विचारलं नाही. तिला तरी सांगता आलं असतं का, कोण जाणे. गिरजाबाईने मात्र पदराने नाक पुसलं आणि "कामाले लागा वं," असं उगाच सगळ्यांवर खेकसली.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. पलटणीसाठी पांढरीचे डबे भरून, झाकणांना कथलाचा डाग देऊन, मालगाडीवर चढवायचे होते, आणि नेमकी त्याच वेळी भट्टी भडकली. कोळसा वेगळा आला होता की दार बंद राहिलं, यावर पुष्कळ भांडण झालं. माल रंगाने फारसा बिघडलेला नव्हता, जरा सावळा एवढंच. सगळ्या शेडमध्ये खमंग वास सुटला होता. काका पोत्यात हात घालून म्हणाले, "वास तर सुरेख येऊन राहिला."

"कोरडा येतो," आत्या म्हणाली. तिच्यासमोर ओली वाटी होती. "पाण्यात काही नाही. मेली आहे ही."

"ताई, उद्या गाडी भरायची आहे. ती चुकली तर पुढचं काम मिळणार नाही. या सगळ्या बायका घरी बसतील. पांढरी चिंधी बांध आणि मोकळी हो."

"ही पिवळीसुद्धा नाही, बापू. भाजकी आहे."

"मग मी बांधतो!"

"बांध. तुझा कारखाना आहे. माझ्या हातून नाही होणार."

काकांनी खरंच चिंधी घेतली आणि पोत्याला गाठ मारायला लागले. इतक्यात बायकांची कुजबुज थांबली. मी मागे पाहिलं तर दारात दादा उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने उपरणं नाकाशी धरलेलं. अमरावतीच्या कोण्या यजमानाने त्यांना सांगितलं होतं, की तुमची विधवा बहीण लसणाच्या ढिगात बसते. ते पहिल्या गाडीने आले होते.

"ताई, ऊठ," ते म्हणाले.

आत्या उठली नाही, बसूनही राहिली नाही, अर्धवट उकिडवी झाली. मी काकांकडे बघितलं. आता काका बोलतील, भांडतील, तेच नेहमी म्हणायचे की ही सगळी सोवळी जाळून टाकली पाहिजेत. काका म्हणाले, "बरं झालं दादा तुम्ही आलात. हिला घेऊनच जा. हिच्या हट्टापायी माझं दिवाळं निघायची वेळ आली."

आत्याचा चेहरा कसा झाला ते मला आजही लिहिता येत नाही. दादांनी मारलं असतं तरी ती तशी दिसली नसती. पण त्याहून नवल पुढेच होतं. दादांनी उपरणं खाली घेतलं. "का?" ते म्हणाले. "काय केलं तिने?"

गिरजाबाईनेच तोंड उघडलं. "म्या सांगतो बावाजी. माल जळला. मालक म्हंते चांगला म्हना, बाई म्हंते नाई म्हनत. झालं."

दादा पुढे आले. जमिनीवरच्या सालींवरून, छत्री बगलेत मारून, धोतर वर धरून, थेट पाटापाशी. "दाखव."

"दादा, तुम्ही शिवू नका," आत्या म्हणाली.

"दाखव म्हणतो ना." आणि त्यांनी तीर्थ घ्यायला करतात तसा उजव्या हाताचा पसा पुढे केला. आत्याने त्यात चिमूटभर जळकी भुकटी टाकली, तांब्यातलं पाणी शिंपडलं. दादांनी वास घेतला. पुन्हा घेतला. "काही नाही. ओल्या पिठासारखं." मग त्यांनी डावा हात पुढे केला. आत्याने दुसऱ्या बाटलीतली, आधीच्या खेपेची चांगली भुकटी टाकली. "हिलाही वास नाही," ते म्हणतात न म्हणतात तोच तिला पाणी लागलं आणि दादांची मान मागे फेकली गेली. ते खोकायला लागले, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"ठसका लागला वं माय, भटजीबुवाले!" गिरजाबाई पदरात हसली. कोणी तिला दटावलं नाही.

दादांनी डोळे पुसले ते मनगटाने, कारण दोन्ही हात भरलेले. "बापू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "यात न समजण्यासारखं काय आहे? ती खरं बोलून राहिली. चिंधी सोड ती." आणि काका उभेच राहिले तेव्हा आत्याकडे वळून त्याच आवाजात, "आणि तू चल. सामान आवर."

म्हणजे ती बरोबर होती की चुकली होती? मला काही कळेना. आत्याने तांब्या उचलला, दादांच्या हातांवर पाणी घातलं, ते हात धुईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "दादा, मी येत नाही."

"बापू ठेवत नाही म्हणतो तुला."

तिने काकांकडे पाहिलं. काकांनी पोत्याकडे पाहिलं. मग ते खाली बसले, दाताने गाठ सैल केली, पांढरी चिंधी काढली आणि ढिगातून तपकिरी शोधून बांधली. मान वर न करता म्हणाले, "राहू द्या तिला. राहील ती."

दादा काकांच्या घरी जेवले नाहीत. स्टेशनाच्या वाटेवर केळी घेतली, तीच खाल्ली. त्यांना पोचवायला टांग्यातून मी गेले होते. सगळ्या वाटेत ते डावा हात नाकाशी नेऊन बघत होते. "जात नाही गं हा," एवढंच म्हणाले.

ती मालगाडी रिकामी गेली नाही, पण काकांचे डबे अर्धेच गेले. पुढे काही दिवस काका आत्याशी बोलत नव्हते, निरोप माझ्यामार्फत जायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी पुन्हा तीन बाटल्या आणून उंबऱ्यावर ठेवल्या आणि आत्याने वाट्या काढल्या. लढाई संपली तशी शेडही बंद झाली. गिरजाबाई गावी गेली. मी अमरावतीला परतले, आत्या परतली नाही. अकोल्याचे मसालेवाले हळद-मिरची बघायला तिला बोलवायला लागले होते, त्या कमाईवर ती जठारपेठेतच राहिली. केस वाढवले, ते पांढरेच आले. पुढे तिने लसूण खाल्ला की नाही ते मला ठाऊक नाही. मी तिच्याकडे पुष्कळदा जेवले, तिच्या पानात कधी दिसला नाही.

दादा वर्षातून एकदा तिला भेटायला अकोल्याला जात. तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत, केळी खाऊन परत येत. अमरावतीत एकदा एका यजमानाच्या घरी पूजा उरकून आम्ही निघालो होतो. यजमान दारात हसत म्हणाले, "गुरुजी, आपल्या भगिनी लसणात बसतात असं ऐकलं."

दादा जोडा घालता घालता थांबले. "बसत नाही," ते म्हणाले. "पारख करते. ती नाही म्हणाली तर माल पलटणीत जात नसे. सख्ख्या भावाचा असला तरी."

यजमानांचं हसू गेलं. रस्त्यावर आल्यावर मला राहवेना. इतकी वर्षं घशात अडकलेलं मी विचारून टाकलं. "दादा, तुम्हाला तिचा एवढा अभिमान आहे, तर तिच्या हातचं का जेवत नाही?"

त्यांनी पावलं भराभर टाकली. मला वाटलं, रागावले.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"काय वेगळं?"

"तेच तर," दादा म्हणाले, आणि उन्हात डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मलाच ठाऊक असावं. "मलाही ते अजून समजून नाही राहिलं, पोरी."